डुकराची लस, सशाची पांथरी

क्लासिकल स्वाइन फीव्हर हा डुकरांचा विषाणूजन्य सांसर्गिक रोग आहे. सरकारी कागदपत्रांत त्याला वराह ज्वर म्हणतात. अमेरिकेतले शेतकरी त्याला हॉग कॉलरा म्हणत, पण माणसाच्या कॉलऱ्याशी त्याचे काही नाते नाही. स्वाइन फ्लूशी तर अजिबातच नाही, आणि हे महाराष्ट्रात जरा ठासून सांगावे लागते. ऑगस्ट २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला. तेव्हापासून ‘स्वाइन’ हा शब्द ऐकला की लोक नाकाला रुमाल लावतात. तो फ्लू म्हणजे इन्फ्लुएन्झा, माणसाकडून माणसाला होणारा. स्वाइन फीव्हर होतो तो फक्त डुकरांना आणि रानडुकरांना. आजारी डुक्कर हाताळणाऱ्या माणसाला, त्याच्या गाईला किंवा कुत्र्याला त्यापासून काही होत नाही. माणूस विषाणू वाहून मात्र नेतो. त्याच्या चपलांना लागून, बादलीतून, टेम्पोच्या फळ्यांवरून तो पुढच्या वाड्यात पोहोचतो.

हा विषाणू पेस्टिव्हायरस गटातला. गुरांना होणारा बोव्हाइन व्हायरल डायरिया आणि मेंढ्यांचा बॉर्डर डिसीज हे त्याचे सख्खे भाऊबंद. त्याचे आनुवंशिक द्रव्य आरएनएचे असते आणि भोवती मेदाचे पातळ आवरण असते. हे आवरण साबणाने, कॉस्टिक सोड्याने, उष्णतेने फाटते. त्यामुळे उघड्यावर, उन्हात हा विषाणू फारसा तग धरत नाही. मांसात शिरला की मात्र त्याला भक्कम आसरा मिळतो. थंड मांसात तो महिनोन्‌महिने आणि गोठवलेल्या मांसात वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतो. मीठ लावून वा धूर देऊन टिकवलेल्या मांसातही त्याचा नाश होईलच असे नाही. हॉटेले, खानावळी आणि लग्नकार्यालये यांच्या मागच्या दाराने निघणारे खरकटे हे भारतातल्या कितीतरी डुकरांचे मुख्य अन्न आहे, आणि रोग पसरण्याचा एक मोठा रस्ता तिथूनच जातो. खरकटे सतत ढवळत ९० अंश सेल्सिअसला तासभर शिजवावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. इतके सरपण जाळणे छोट्या पाळणाऱ्याला परवडत नाही, ही त्यातली खरी अडचण.

रोगाचे तीव्र रूप ओळखू येण्याजोगे असते. संसर्गानंतर साधारण दोन ते चौदा दिवसांत डुकराला १०५ ते १०७ अंश फॅरनहाइट ताप चढतो. एरवी एकमेकांना ढकलत खाण्यावर तुटून पडणारी जनावरे कोपऱ्यात एकमेकांवर ढीग करून पडून राहतात. डोळ्यांच्या कडांना चिपडे चिकटतात. आधी बद्धकोष्ठ होते, मग पातळ हागवण लागते. कान, पोट आणि मांड्यांच्या आतली कातडी जांभळट पडते. मागचे पाय लटपटतात, चाल झोकांड्या खाते. उत्तरीय तपासणीत मूत्रपिंडावर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके, पांथरीच्या कडेला काळसर डाग आणि मोठ्या आतड्यात गुंडीच्या आकाराचे व्रण दिसतात. लस न दिलेल्या कळपात तीव्र साथ शिरली, तर बहुतेक सगळी पिल्ले जातात. विषाणूवर औषध नाही.

याहून घातक असते ते रोगाचे मवाळ रूप. गाभण मादीला सौम्य संसर्ग झाला, तर ती स्वतः कदाचित आजारीही दिसत नाही. पण विषाणू गर्भापर्यंत जातो. काही माद्या गाभडतात, काहींना सुकलेली मेलेली पिल्ले होतात आणि काही पिल्ले जन्मतः धडधाकट दिसतात. गर्भात असतानाच विषाणूशी गाठ पडल्यामुळे या पिल्लांचे शरीर त्याला परके मानतच नाही. त्याविरुद्ध ते लढत नाही आणि पिल्लू महिनोन्‌महिने विषाणू बाहेर टाकत राहते. बाजारात असे पिल्लू विकले गेले की घेणाऱ्याच्या घरी साथ पोहोचली. रोगाचा हा चोरवाटेचा प्रवास लक्षात घेतला, तर पिल्लांइतकेच माद्यांचे लसीकरण का महत्त्वाचे ते कळते.

अमेरिकेत या रोगाची पहिली खात्रीची नोंद साधारण १८३३ मध्ये ओहायो राज्यातली मानली जाते. रेल्वेमार्ग वाढले, डुकरे गाडीने दूरच्या बाजारांत जाऊ लागली आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला. १८८५ च्या सुमारास डॅनियल सॅल्मन आणि थिओबाल्ड स्मिथ या अमेरिकी संशोधकांना मेलेल्या डुकरांच्या आतड्यांत एक जिवाणू सापडला. तेच रोगाचे मूळ, असे त्यांनी जाहीर केले. तो निष्कर्ष चुकीचा ठरला. जिवाणू खरा होता, पण तो आयत्या बिळात शिरलेला होता. सॅल्मन यांच्या नावावरून त्या जिवाणूंच्या गटाला पुढे साल्मोनेला हे नाव पडले आणि अन्नातून होणाऱ्या विषबाधेच्या बातम्यांत ते आजही वाचायला मिळते. १९०३ मध्ये द श्वाइनिट्झ आणि डॉर्सेट यांनी आजारी डुकराचे रक्त जिवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळले आणि गाळलेल्या द्रवानेही रोग होतो हे दाखवून दिले. खरा आरोपी गाळणीतून निसटणारा, सूक्ष्मदर्शकाखाली न दिसणारा होता.

मॅरियन डॉर्सेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यानंतरच्या काही वर्षांत आयोवा राज्यात पहिली उपयोगी पद्धत शोधली. बरे झालेल्या डुकराला विषाणूचा मोठा डोस पुन्हा टोचून त्याच्या रक्तात भरपूर प्रतिपिंडे तयार करायची, त्या रक्ताचा रस काढायचा आणि निरोगी डुकराला एका जागी तो रस, दुसऱ्या जागी जिवंत, जहाल विषाणू टोचायचा. रसामुळे डुक्कर वाचते आणि विषाणूमुळे त्याला दीर्घकाळ टिकणारी प्रतिकारशक्ती येते. युक्ती चालली, पण काट्याने काटा काढताना काटे सगळीकडे सांडत होते. रस कमी पडला की डुक्कर रोगाने मरे, आणि टोचलेले प्रत्येक डुक्कर शेजारच्या कळपाला धोका ठरे. ज्या राज्यांत रोग नव्हता तिथेही तो लसीच्या बाटलीतून पोहोचू शकत होता.

या पेचातून सशाने सोडवले. विषाणूला त्याच्या नेहमीच्या यजमानाऐवजी परक्या प्राण्यात एकामागून एक वाढवत नेले, तर तो त्या परक्या शरीराशी जुळवून घेतो आणि मूळ यजमानाला आजारी पाडण्याची ताकद गमावून बसतो. लुई पाश्चर यांनी पिसाळण्याच्या रोगाचा विषाणू सशांत वाढवला तेव्हापासून हे तत्त्व माहीत होते. १९५० च्या दशकाच्या मध्यात चीनमधल्या शास्त्रज्ञांनी स्वाइन फीव्हरचा एक जहाल वाण सशांतून शेकडो वेळा फिरवून पार निवळवला. हाच तो ‘सी स्ट्रेन’, म्हणजे चिनी वाण. तो डुकराला टोचला की गिलायूंमध्ये आणि लसीका गाठींमध्ये थोडासा वाढतो, ताप आणत नाही, गाभण मादीलाही अपाय करत नाही. टोचल्यावर सुमारे पाच दिवसांत, रक्तात प्रतिपिंडे दिसण्याच्याही आधी, डुक्कर जहाल विषाणूला तोंड देण्याजोगे होते. कारण शरीरातल्या लढाऊ पेशी प्रतिपिंडांच्या आधी कामाला लागलेल्या असतात. जनावरांच्या लसींत इतकी सुरक्षित आणि इतक्या लवकर काम करणारी लस विरळाच. पूर्व युरोपपासून लॅटिन अमेरिकेपर्यंत अनेक देशांनी हाच वाण वापरला. जपानने आपला वेगळा वाण गिनीपिगच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर तयार केला आणि १९६९ पासून वापरात आणला.

भारतात १९६२ साली महाराष्ट्रातल्या स्वाइन फीव्हरवरची निरीक्षणे शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. १९६४ पासून इथे सशावर वाढवलेली लस वापरात आली. तिचा मूळ वाण इंग्लंडमधल्या वेब्रिजचा. ती बनवण्याची रीत ऐकायला सोपी आणि पाहायला कठीण. सशाच्या कानाच्या शिरेत विषाणू टोचतात, एक-दोन दिवसांत त्याला ताप भरतो, ताप ऐन भरात असताना ससा मारून त्याची पांथरी काढतात, ती वाटून गोठवून सुकवतात आणि बाटल्यांत भरतात. एका सशाच्या पांथरीतून सुमारे पन्नास डोस निघतात. देशाची वर्षाची गरज २ कोटी २० लाख डोसांची आणि ससालसीचे उत्पादन जेमतेम १२ लाख, असे २०२० मध्ये केंद्र सरकारने सांगितले होते. म्हणजे १२ लाखांसाठीच वर्षाला चोवीस हजार ससे लागत होते. पूर्ण गरज भागवायची तर चार लाख चाळीस हजार ससे मारावे लागले असते. तेवढे ससे पाळणार कोण, आणि मारणार कोण?

देशात ९० लाख डुकरे असताना २ कोटी २० लाख डोस कशाला, असा प्रश्न इथे पडू शकतो. त्याचे उत्तर डुकराच्या विणीत आहे. डुकरीण तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस गाभण राहते आणि नीट निगा राखली तर वर्षाला दोनदा विते. दर विणीला आठ-दहा पिल्ले धरली, तर पशुगणनेच्या दिवशी मोजलेला कळप आणि वर्षभरात जन्मलेली जनावरे यांचा ताळा बसणे शक्यच नसते. बहुतेक डुकरे वर्षभराच्या आतच कसायाकडे जातात. गाईम्हशींच्या कळपाला एकदा लस दिली की पुढच्या वर्षी बरीचशी तीच जनावरे समोर असतात. डुकरांच्या कळपात सहा महिन्यांनी निम्मी तोंडे नवी असतात. साथ थोपवायची तर साधारण ८० टक्के जनावरे कायम संरक्षित राहावी लागतात, म्हणून वर्षातून एकदा होणारी मोहीम इथे पुरत नाही.

सशाची गरज संपवण्याचे काम बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने केले. ही संस्था मूळची पुण्याची: इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी या नावाने १८८९ मध्ये ती पुण्यात सुरू झाली आणि १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरातल्या मुक्तेश्वरला हलली. संस्थेने आधी ससालसीचाच विषाणू पेशींवर वाढवला आणि नंतर भारतातच सापडलेला एक वाण पेशींवर वाढवत निवळवला. फेब्रुवारी २०२० मध्ये ही देशी लस जाहीर झाली. पेशी काचेच्या वा प्लॅस्टिकच्या चपट्या बाटलीच्या तळाशी एका थरात वाढतात, विषाणू त्या पेशींत वाढतो आणि अशा दोन बाटल्यांत देशाची वर्षाची गरज भागू शकते, असे तेव्हा सांगण्यात आले. तेव्हा सांगितलेली किंमत डोसामागे दोन रुपयांहून कमी; ससालसीची पंधरा ते पंचवीस, तर कोरियाहून येणाऱ्या लसीची तीस रुपये. लस टोचल्यापासून चौदाव्या दिवशी संरक्षण मिळते आणि तोवरच्या अभ्यासात ते अठरा महिने टिकलेले दिसले. जुन्या लसीचा असर तीन ते सहा महिनेच धरला जात असे. वाण देशी असण्यालाही अर्थ आहे. भारतात या विषाणूचे एकाहून अधिक उपप्रकार फिरतात, आणि लस सगळ्यांवर चालत असली तरी घरच्या शत्रूच्या जवळचा वाण हाती असलेला बरा.

मात्र चांगली लस हाती असूनही ती वाया जाऊ शकते, आणि बहुधा ती चुकीच्या वयात टोचल्यामुळे वाया जाते. डुकरिणीच्या वारेची रचना अशी असते की आईच्या रक्तातली प्रतिपिंडे गर्भात जात नाहीत. पिल्लू जन्मते ते कोऱ्या रक्ताचे. पहिल्या दिवशी ते आईचा चीक पिते आणि त्यातून त्याला आईची प्रतिपिंडे मिळतात. आईला लस दिलेली असेल, तर हा वारसा चांगला भरघोस असतो. तो दर दहा-बारा दिवसांनी निम्मा होत जातो: दहा दिवसांनी अर्धा, वीस दिवसांनी पाव, दोन महिन्यांनी जेमतेम तिसावा ते साठावा हिस्सा. वारसा भरपूर असताना पिल्लाला लस टोचली, तर आईची प्रतिपिंडे लसीतल्या जिवंत विषाणूलाच गाठून संपवतात. कागदावर लसीकरणाची नोंद होते, पिल्लाच्या शरीरात मात्र काहीच घडत नाही. फार उशीर केला, तर वारसा संपल्यापासून लस लागू पडेपर्यंतच्या दिवसांत पिल्लू उघडे पडते.

म्हणून लस दिलेल्या आईच्या पिल्लांना साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिला डोस देतात आणि रोगाचा जोर असेल तिथे काही आठवड्यांनी दुसरा. आईला कधीच लस मिळालेली नसेल, तर पिल्लाकडे वारसाच नसतो आणि त्याला लवकर टोचणे भाग पडते. चीनमधल्या काही फार्मांवर पिल्लू जन्मताच, चीक पाजण्याआधी टोचतात आणि मग तास-दीड तास थांबून आईला लावतात. उपाय तर्काला धरून आहे. पण रात्री दोन वाजता विणाऱ्या डुकरिणीजवळ सिरिंज घेऊन बसणारा माणूस कुठून आणायचा, ही त्याची मर्यादा. पैदाशीच्या माद्यांना नराकडे नेण्याआधी आणि नरांना ठरावीक काळाने लस देणे हा त्यातला सोपा भाग. पाळणारे मात्र नेमके तेच विसरतात, कारण मोठे जनावर निरोगी दिसते.

टोचण्याचे काम तसे लहानसे आहे. कानाच्या मागे, मानेच्या स्नायूत एक मिलिलिटर. पुठ्ठ्यात टोचत नाहीत, कारण तिथे चरबीचा थर जाड असतो आणि विक्रीचे मांसही तेच. लहान पिल्लू बगलेत धरता येते. मोठ्या डुकराच्या वरच्या जबड्यात, सुळ्यांच्या मागे दोरीचा फास अडकवून धरावे लागते आणि ते ज्या पट्टीत किंचाळते त्याची सवय व्हायला वेळ लागतो. लस जिवंत असल्यामुळे तिला २ ते ८ अंश सेल्सिअसच्या शीतसाखळीत ठेवावे लागते. सुकवलेली भुकटी तिच्याबरोबर आलेल्या थंड द्रावणात विरघळवली की एक-दोन तासांत संपवावी लागते. सकाळी विरघळवलेली बाटली दुपारी वापरणे म्हणजे डुकराला नुसते पाणी टोचणे. सिरिंज स्पिरिटने धुतली तर आत राहिलेले स्पिरिट लसीतला विषाणू मारते. हे जितके साधे आहे तितकेच वारंवार घडते. आठवडाभर आधी जंतनाशक दिलेले चांगले. तापलेल्या, मलूल डुकराला टोचू नये. लस त्याला वाचवू शकत नाही आणि त्याच्या अंगातून निघालेली सुई पुढच्या दहा जनावरांना रोग देऊ शकते. प्रत्येक जनावराला नवी सुई ही खर्चिक वाटणारी, पण खरी काटकसर आहे.

महाराष्ट्रात त्याआधीचा टप्पाच अवघड आहे, तो म्हणजे डुक्कर हाती येणे. वडार, कैकाडी आणि अशाच काही समाजांतली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या डुकरे पाळत आली. जनावरे दिवसभर मोकाट चरतात आणि मालकाला ती खुणेने ओळखता येतात. नागराज मंजुळे यांच्या २०१३ सालच्या चित्रपटाचे ‘फँड्री’ हे नाव म्हणजे कैकाडी भाषेतला डुकराचा शब्द. गावभर धावणाऱ्या डुकरामागे घरदार कसे पळते आणि गाव त्याकडे कसे पाहते, ते त्या चित्रपटात दिसते. जो धंदा करताना माणसाला मान खाली घालावी लागते, त्या धंद्यातले जनावर घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्याची पायरी चढायला तो सहज धजत नाही. लसीकरणाच्या आकडेवारीत ही अडचण कुठल्याच रकान्यात बसत नाही. गोव्यात चित्र निराळे आहे. तिथे चोरीस आणि सोरपोतेल हे डुकराच्या मांसाचे पदार्थ घरोघरच्या सणात असतात, परसातले डुक्कर लाजेची गोष्ट नाही आणि आगोंदा गोवन या स्थानिक जातीला राष्ट्रीय पातळीवर अधिकृत नोंदही मिळाली आहे.

लस चांगली असेल तर जगातले सगळे देश ती का वापरत नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. अमेरिकेने १९६१ मध्ये कायदा करून निर्मूलन हाती घेतले, मोहिमेच्या अखेरच्या टप्प्यात लसच बंद केली आणि १९७८ मध्ये देश रोगमुक्त जाहीर केला. लस बंद करण्याचे कारण रक्ताच्या तपासणीत आहे. सी स्ट्रेन टोचलेल्या डुकराच्या रक्तात जी प्रतिपिंडे सापडतात, तीच रोग होऊन गेलेल्या डुकरातही सापडतात. लसीने सुरक्षित झालेले कोणते आणि विषाणू बाळगून असलेले कोणते, हे सांगता येत नाही. मग रोगमुक्त देश अशा डुकरांचे मांस घेत नाहीत. युरोपीय समुदायाने १९९० मध्ये प्रतिबंधक लसीकरण थांबवले ते या हिशेबाने.

त्या हिशेबाची किंमत नेदरलँड्सने चुकवली. फेब्रुवारी १९९७ मध्ये तिथे रोग शिरला तेव्हा एकाही डुकराला लस नव्हती. फार्म एकमेकांना खेटून, डुकरे दाटीवाटीने. वर्षभरात ४२९ फार्मांवर संसर्ग निघाला. रोगी जनावरांपेक्षा कितीतरी अधिक निरोगी जनावरे मारावी लागली. काही आसपासच्या फार्मांतली खबरदारी म्हणून, तर बहुतांश वाहतूकबंदीमुळे जागा आणि विक्री दोन्ही खुंटल्यामुळे. मारलेल्या डुकरांचा आकडा एक कोटीच्या आसपास गेला. लस उपलब्ध असताना निरोगी जनावरे मारली जात असल्याची दृश्ये टीव्हीवर पाहून युरोपातल्या सामान्य माणसाने विचारायला सुरुवात केली, की हा पशुवैद्यकाचा निर्णय आहे की व्यापाऱ्याचा.

त्यातूनच खूण असलेल्या लसींना जोर आला. विषाणूच्या बाहेरच्या आवरणावर ई-टू आणि ई-आरएनएस अशी वेगवेगळी प्रथिने असतात. नुसते ई-टू प्रथिन कीटकांच्या पेशींत बनवून त्याचीच लस केली, तर डुकराच्या रक्तात ई-टूची प्रतिपिंडे येतात, दुसऱ्याची येत नाहीत. मग तपासणीत ई-आरएनएसची प्रतिपिंडे सापडली, तर त्या डुकराची खऱ्या विषाणूशी गाठ पडली आहे हे निश्चित. ही लस सुरक्षित, पण संथ. असर यायला दोन आठवडे लागतात आणि गर्भातला संसर्ग ती पुरता अडवत नाही. पुढे गुरांच्या बोव्हाइन व्हायरल डायरियाच्या विषाणूत स्वाइन फीव्हरचे ई-टू बसवून एक संकरित जिवंत लस तयार झाली आणि युरोपात तिला मंजुरी मिळाली. सी स्ट्रेनचा वेग आणि ओळखीची खूण दोन्ही तिच्यात बऱ्याच अंशी साधले आहेत.

रानडुक्कर ही आणखी एक गुंतागुंत. त्याला धरून टोचणार कोण? जर्मनीने १९९३ पासून मक्याच्या पिठाच्या आमिषात लसीची पुडी दडवून जंगलात टाकायला सुरुवात केली. रानडुक्कर जमीन उकरून आमिष खाताना पुडी दाताखाली फुटते आणि लस तोंडातून गिलायूंपर्यंत पोहोचते. लहान पिल्लांच्या वाट्याला आमिष कमी येते, ही या पद्धतीची उणीव. जपानला या उपायाची गरज पडेल असे कुणाला वाटले नव्हते. १९९२ नंतर तिथे रोग दिसला नव्हता, २००६ मध्ये लसीकरण थांबले, दुसऱ्या वर्षी देश रोगमुक्त जाहीर झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये गिफू प्रांतातल्या एका फार्मावर तो पुन्हा प्रकटला, २६ वर्षांनी. रानडुकरांत तो झपाट्याने पसरला. २०१९ च्या मार्चपासून जंगलात आमिषे टाकली गेली आणि निर्यातीवर पाणी पडण्याची भीती असूनही ऑक्टोबरमध्ये पाळीव डुकरांचे लसीकरण पुन्हा सुरू करावे लागले.

भारतापुढे लस बंद करण्याचा प्रश्न इतक्यात नाही. इथे अजून ती पोहोचवायची आहे. देशातली जवळपास निम्मी डुकरे ईशान्येत आहेत. २०१९ च्या पशुगणनेत एकट्या आसाममध्ये सुमारे २१ लाख डुकरे मोजली गेली. तिथे घरामागचे दोन-तीन डुकरांचे कोंडवाडे हीच बायकांची बचत असते. मुलाच्या शाळेची फी, आजारपण, लग्न असे काही निघाले की एक डुक्कर विकले जाते. तिथल्याच मानस राष्ट्रीय उद्यानाच्या गवताळ रानात पिग्मी हॉग हे जगातले सर्वांत लहान आणि अत्यंत दुर्मीळ रानडुक्कर शिल्लक आहे. पाळीव डुकरांतला रोग त्याच्यापर्यंत गेला, तर एका साथीत ते उरेल की नाही, सांगता येत नाही. स्वाइन फीव्हर नियंत्रणाचा केंद्राचा कार्यक्रम म्हणूनच ईशान्येतून सुरू झाला. पुढे शेळ्यामेंढ्यांच्या पीपीआर या रोगाबरोबर स्वाइन फीव्हरचाही समावेश संपूर्ण केंद्रीय खर्चाच्या लसीकरण कार्यक्रमात करण्यात आला.

आणि याच प्रदेशात २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर येऊन थडकला. नाव जवळजवळ तेच, ताप तोच, जांभळे कान तेच. विषाणू मात्र पूर्णपणे वेगळ्या कुळातला, आरएनएऐवजी डीएनएचा. क्लासिकलची लस आफ्रिकनवर काहीच काम करत नाही. लस टोचलेली डुकरे आफ्रिकन स्वाइन फीव्हरने पटापट मेली, तेव्हा ‘लसीनेच मारली’ ही समजूत गावोगाव पसरणे साहजिक होते. दोन्ही रोगांतला फरक नुसत्या डोळ्यांनी पशुवैद्यकालाही करता येत नाही, प्रयोगशाळेतच तो कळतो. त्यात लस देत घरोघर फिरणारा माणूस स्वतःच बुटांवरून आफ्रिकनचा विषाणू नेऊ शकतो. म्हणून साथ असलेल्या भागात लसीकरण थांबवावे लागते आणि तेवढ्या काळात क्लासिकलला मोकळे रान मिळते. व्हिएतनामने आफ्रिकन स्वाइन फीव्हरवरच्या जिवंत लसी तयार केल्या. २०२२ मध्ये वापर सुरू होताच काही ठिकाणी डुकरे दगावल्याने त्यांतली एक थांबवावी लागली, आणि २०२३ मध्ये तिथे व्यापारी वापराला परवानगी मिळाली.

डुकरे पाळणाऱ्याने लसीचे वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे. आधी पिल्लांचे वय आणि त्यांच्या आईला लस दिली होती की नाही, हे सांगावे. कळपात एकापाठोपाठ एक डुकरे मरू लागली, तर मेलेली जनावरे ओढ्यात टाकू नयेत, आजारी डुकरे घाईने विकू नयेत आणि १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करावा. तो निःशुल्क आहे.